धुराचे किती पैसे द्यायचे?

तळाचा_थेंब

मंडळी, आधी कबुली देतो. तीन आठवड्यांपूर्वी एक बाटली उघडली. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, धुरकट, सिंगल माल्ट व्हिस्की, म्हणजे एकाच डिस्टिलरीची, नुसत्या मोड आलेल्या बार्लीची. जाड काळं खोकं, आत मऊ अस्तर, चुंबकाने टक् करून बसणारं झाकण. त्याच डिस्टिलरीची वय लिहिलेली नेहमीची बाटली कपाटात होतीच, ही तिच्या अडीचपट किमतीची. हिच्यावर वय नाही. त्याऐवजी खोक्याच्या पाठीवर समुद्र, वादळ आणि वारसा या विषयांवर एक निबंध आहे. डिस्टिलरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार तिच्याबद्दल आहे की माझ्याबद्दल, तेच अजून ठरायचंय.

पहिल्या रात्री वहीत लिहिलेलं जसंच्या तसं उतरवतो: "विझत आलेली शेकोटी, ओला दोरखंड, मीठ, मागून लिंबाची साल, मग मध. शेवट संपता संपत नाही. पैसे वसूल." 'वसूल'खाली दोन रेघा मारल्या आहेत.

परवा बायकोला म्हटलं, तीन ग्लासांत तीन ओत आणि मला सांगू नकोस. एकात ही काळ्या खोक्यातली, एकात तिची साधी बहीण, एकात कुल-ईला १२ (आयलाचीच दुसरी माल्ट, १२ वर्षांची). तिने ग्लासांवर अ, ब, क लिहिलं, बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर खरी नावं लिहिली आणि विचारलं, "परीक्षा कोणाची आहे, त्यांची की तुझी?"

मी गुण दिले. ब पहिला, क दुसरा, अ तिसरा. अ-पुढे लिहिलं: "धूर भरपूर, धुरामागे कोणी नाही. कोवळी. बहुधा कुल-ईला." ग्लास उलटे केले. अ म्हणजे काळं खोकं. ब साधी बहीण. आणि मी जिला कोवळी म्हणून बदनाम करायला निघालो होतो ती कुल-ईला दुसऱ्या नंबरवर निवांत बसलेली.

तर प्रश्न असा की पहिल्या रात्री मी नक्की काय प्यायलो? आणि धुरकट माल्टचं मोल ठरवायचं तरी कशावरून?

खिडकीपाशी

अडीचपट? आयला!

(बेटाचं नाव नाही, उद्गार आहे. स्पेलिंग बघून बरेच जण त्याला 'इस्ले' म्हणतात. खरा उच्चार आपल्या तोंडी आधीपासूनच आहे हे कळल्यापासून मला ते बेट घरचं वाटतं.)

वाचतोय.

मोजूनमापून

पहिलं काम सोपं आहे, ते आधी उरका. लेबलवरचे टक्के बघा आणि बाटलीत अल्कोहोल किती ते काढा. ७०० मिलिच्या बाटलीत ४० टक्क्यांना २८० मिलि, ४६ टक्क्यांना ३२२. म्हणजे ४६ टक्केवाली बाटली घरी पाणी घालून ४० वर आणली तर ८०५ मिलि होते. आर्डबेग या आयलावरच्या डिस्टिलरीची कोरीव्रेकन ५७.१ टक्क्यांची असते. ती ४० वर आणा, जवळजवळ एक लिटर भरेल! तेव्हा दोन बाटल्यांच्या किमती शेजारी ठेवण्याआधी दोघींना एकाच पट्टीवर आणा. पाणी आपल्या नळाला येतं, ते व्हिस्कीच्या भावाने कशाला घ्यायचं?

दुसरं, थंड गाळणी. ४६ च्या खालच्या व्हिस्कीत थंडीत किंवा पाणी घातल्यावर ढगाळपणा येऊ शकतो. तो दिसू नये म्हणून बऱ्याच कंपन्या ती गार करून गाळतात. त्यात तेलकट, जिभेवर रेंगाळणारा थोडा ऐवजही जातो. कुणी म्हणतं फरक कळतो, कुणी म्हणतं नाही. मला तोंडात भरलेपणा कमी वाटतो, पण शपथेवर सांगणार नाही.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. स्कॉचमध्ये ई१५०ए हा साधा कॅरमेल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. गडद तपकिरी दिसली म्हणून जास्त मुरलेली, असं काही नसतं.

हौसेला_मोल_नाही

मोजूनमापूनजी, उद्या चित्राची किंमत कॅनव्हासच्या क्षेत्रफळावरून काढाल.

धागाकर्त्याने पहिल्या रात्री आनंद घेतला का? घेतला. वहीत दोन रेघा आहेत, पुरावा आहे. तो आनंद खोक्याचा होता की द्रवाचा याची चौकशी कशाला? आयलावरची पोर्ट एलन डिस्टिलरी १९८३ मध्ये बंद पडली, मग तिच्या बाटल्यांची किंमत चढत गेली. आतला माल पिंपातून निघाला तेव्हा जो होता तोच. लोक मोजत होते ते 'पुन्हा मिळणार नाही' याचे पैसे. ही काय फसवणूक झाली? २०२४ मध्ये तीच डिस्टिलरी पुन्हा सुरू झाली, तरी जुन्या बाटलीची आब गेलेली नाही. हौस ही हौसच असते हो.

मोजूनमापून

क्षेत्रफळ नाही काढत, पण चौकटीचे पैसे चित्रात धरत नाही एवढंच.

पहिलाच_घोट

नवखी आहे, रागावू नका. मैत्रिणीकडे लाफ्रॉइग (आयलाचीच एक धुरकट माल्ट) चाखली आणि मला थेट दवाखान्यात गेल्यासारखं झालं. टिंक्चर आयोडिन, बँडेज, फरशी पुसायचं फिनेल. सगळे डोळे मिटून "वा, वा" करत होते. मी पण केलं. हे खरंच आवडतं का लोकांना? की सगळेच माझ्यासारखे?

चंचुपात्र

@पहिलाच_घोट, तुझं नाक अगदी तयारीचं आहे. 'फिनेल' हा शब्द तू सहज लिहिलास, पण ते रसायनशास्त्राने बरोबर आहे. आता जरा लांब लिहिते, कारण तळाचा_थेंब यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

मोड आलेली बार्ली वाळवताना खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पती. थर वर्षाला साधारण १ मिलिमीटरने वाढतो. तो विटांसारखा कापायचा, उन्हावाऱ्यात सुकवायचा आणि भट्टीत धुमसत ठेवायचा. दाणा ओलसर आहे तोवरच धूर सालाला धरतो. दाणा सुकला की मग कितीही धूर करा, चिकटत नाही. त्या धुरात फिनॉल कुळातले रेणू असतात. त्यातलं ग्वायाकोल लाकडाच्या धुराचा वास देतं, क्रेसोल मंडळी दवाखाना आणि डांबराचा. घरात फरशी पुसायला जे जंतुनाशक असतं, त्यात याच कुळातली माणसं. म्हणजे तू ढोंग केलंस ते "वा" म्हणण्यात, वासात नाही.

पीट कुठलं यावरही वास बदलतो. ऑर्कनी बेटांवरच्या पीटमध्ये हेदर या फुलझुडपाचं प्रमाण बरंच, झाडं जवळजवळ नाहीतच. म्हणून तिथल्या हायलँड पार्कचा धूर हलका, फुलांच्या अंगाने जाणारा. दवाखाना आवडत नसेल तर तिथून सुरुवात कर.

आता पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग. धुरकट व्हिस्कीच्या गप्पांत हा आकडा पहिलवानाच्या वजनासारखा सांगतात. बोमोर २५ च्या आसपास, लाफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५० च्या वर. ब्रुकलॅडीच्या ऑक्टोमोर ८.३ ला तर ३०९.१ होते. पण हा आकडा असतो मोड आलेल्या बार्लीतला. बाटलीतला नव्हे. आंबवताना आणि ऊर्ध्वपातनात त्यातला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटेत गळतो. किती गळायचा हे डिस्टिलरी ठरवते.

माझं आवडतं उदाहरण: लागावुलिन आणि कुल-ईला. मालक एक. धुरावलेली बार्ली एकाच ठिकाणाहून येते, पोर्ट एलनच्या माल्टिंगमधून (डिस्टिलरी नव्हे, बार्लीला मोड आणून वाळवायचा कारखाना), दोघींना साधारण ३५ पीपीएमची. आणि ग्लासात? लागावुलिन जड, गोडसर, जुन्या चामड्याच्या खुर्चीत बसवणारी. कुल-ईला स्वच्छ, लिंबू पिळल्यासारखी, समुद्रावरून वारा आल्यासारखी. बार्ली तीच, मग फरक कुठला? लागावुलिनची ऊर्ध्वपातनाची तांब्याची भांडी पेअरच्या आकाराची, ती वरपर्यंत भरतात. कुल-ईलाची उंच, आणि ती बरीच रिकामी ठेवतात, त्यामुळे वाफ तांब्याला जास्त घासून जाते आणि जडपणा तिथेच राहतो. शिवाय दुसऱ्या ऊर्ध्वपातनात आधी फळाफुलांचे वास येतात, फिनॉल मागाहून. पिंपासाठी मधला भाग घेणं कधी थांबवायचं यावर सगळा खेळ. लवकर थांबलात तर गोडसर आणि मोकळी, उशिरा थांबलात तर डांबरी.

मोलाचं म्हणाल तर सगळ्या प्रकरणात धूर हा स्वस्त भाग आहे. तो चढवायला काही तास लागतात, मागचं सगळं घडायला पिंपात वर्षं जातात. आणि वर्षं जातात तसा धूर उतरतो. १० वर्षांची माल्ट २५ वर्षांच्या तिच्याच बहिणीपेक्षा जवळजवळ नेहमी जास्त धुरकट लागते. म्हणून कोवळ्या माल्टला धुराचा मोठा आधार असतो. कच्चेपणा झाकला जातो. तुम्ही अंधपरीक्षेत 'धुरामागे कोणी नाही' लिहिलंत ना, मला तुमच्या वहीतलं ते वाक्य सगळ्यात विश्वासाचं वाटलं.

जुनं_लाकूड

चंचुपात्र ताई, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शंकासुर

ताईंचं मान्य, पण परीक्षेत मोठी भोकं आहेत. कोणी विचारत नाही म्हणून विचारतो.

कुठल्या क्रमाने चाखलंत? पहिल्या धुरकट घोटानंतर नाक धुराला सरावतं. दुसऱ्या ग्लासात धूर कमी आणि फळं जास्त लागतात, तिसऱ्यात आणखी. अ आधी घेतला असेल तर सगळा धूर बिचाऱ्या अ-च्या नावावर लागला.

टक्के सारखे केले होते का? जास्त टक्क्यांची व्हिस्की जिभेला चटका देते, आणि चटक्याला आपण कोवळेपणा समजतो.

बाटल्या किती दिवस उघड्या होत्या? पहिल्या रात्री काळं खोकं ताजं उघडलेलं. तीन आठवड्यांनी वरची जागा हवेने भरलेली. धुरकट माल्ट तेवढ्यात बऱ्यापैकी मवाळ होते. पहिल्या रात्रीची आणि परवाची व्हिस्की एकच होती कशावरून?

आणि एका फेरीवर निकाल? एका फेरीत मीसुद्धा तीनातली एक ओळखून दाखवतो, नाणं उडवून.

हौसेला_मोल_नाही

तीनांतली एक ओळखायला तीन बाजूंचं नाणं लागेल.

शंकासुर

तुमच्याकडे असेल. खोक्यातून आलं असेल.

तळाचा_थेंब

शंकासुर, चारही मुद्दे बिनशर्त मान्य. क्रम अ, ब, क असाच घेतला. टक्के सारखे केले नव्हते, काळं खोकं दोन टक्क्यांनी वर आहे. साधी बहीण दोन महिन्यांपासून उघडी आणि निम्मी संपलेली. परीक्षा पुन्हा घेतो. कशी घेऊ ते सांगा.

निरुपद्रवी

सार्वजनिक ठिकाणी दारूवर एवढी चर्चा! नव्या पिढीने यातून काय शिकायचं?

खिडकीपाशी

ऊर्ध्वपातन.

शंकासुर

पद्धत सांगतो, सोपी आहे. तीन ग्लास, दोनात एकच व्हिस्की, एकात वेगळी. वेगळी कुठली ते शोधायचं, बस. चांगली-वाईट नंतर. ओतणारा ओतून खोलीबाहेर जाणार, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून कळायला नको. दोन्हींचे टक्के पाणी घालून सारखे करा. १०-१० मिलि पुरे. एका संध्याकाळी दोन फेऱ्या, जास्त नाही, जीभ बधिर होते. तीन संध्याकाळी मिळून सहा फेऱ्या. निव्वळ नशिबाने सहापैकी सरासरी दोन बरोबर येतात. पाच किंवा सहा आल्या तर ते नशीब असण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आत. मग मी तुमच्या नाकाला सलाम करीन.

पहिलाच_घोट

पाणी घालायचं? मला तर सांगितलं होतं की चांगल्या माल्टला पाणी लावणं म्हणजे अपमान.

चंचुपात्र

सांगणाऱ्याला सांग, ती बाटलीत येण्याआधीच तिच्यात पाणी घातलेलं असतं. पिंपातून निघते तेव्हा साधारण ५५ ते ६० टक्क्यांची असते, ४० किंवा ४६ पर्यंत पाण्यानेच येते.

आणि पाण्याने धूर वर येतो. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून बघितली. ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात ग्वायाकोल पृष्ठभागाजवळ, हवेच्या बाजूला जमतं. ५९ च्या वर गेलं की ते अल्कोहोलच्या घोळक्यात आत बुडून बसतं. नाक तर पृष्ठभागावरच असतं आपलं. म्हणून कडक बाटलीत थेंब थेंब पाणी घालत जायचं आणि प्रत्येक थेंबाला वास घ्यायचा. एका ठिकाणी ती एकदम उघडते. तिथे थांबायचं.

बर्फाचं म्हणशील तर तो वेगळा मामला. गारव्याने वास बसतात. प्यायला हरकत नाही, पारखायला नको.

जुनं_लाकूड

थोडं पिंपाबद्दल, कारण किमतीची मेख तिथे आहे आणि लेबल नेमकं तिथेच मुकं असतं.

कायदा (२००९ चा) एवढंच सांगतो: एकाच डिस्टिलरीची, नुसत्या मोड आलेल्या बार्लीची, पॉट स्टिलमधली (म्हणजे वर सांगितलेल्या तांब्याच्या भांड्यांतली), ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं स्कॉटलंडमध्येच मुरलेली, बाटलीत किमान ४० टक्के. वय लिहिलंत तर आतल्या सगळ्यात धाकट्या व्हिस्कीचं लिहायचं. एका पिंपात १५ ची असली आणि त्यात ६ ची मिसळली, तर लेबलवर ६ च. म्हणून कंपन्यांना वय न लिहिणं सोयीचं पडतं. ते नेहमी लबाडीचंच असतं असं नाही. आर्डबेग १९८१ मध्ये बंद पडली, १९८९ ला रडतखडत सुरू झाली, १९९७ मध्ये नव्या मालकांनी घेतली. मधल्या काळाचा माल जवळजवळ नव्हताच. वय लिहायचं तर विकायला काही उरलं नसतं. त्यांची ऊगाडाल वय न लिहिता निघाली, ५४.२ टक्क्यांची, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांची जोड दिलेली, आणि आजही मी ती डोळे झाकून घेतो. आयलावरचीच किलहोमन डिस्टिलरी २००५ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये पहिली सिंगल माल्ट बाजारात आली. जेमतेम तीन वर्षांची, पण नाव झालं. धुरकट माल्ट तरुणपणी शोभते, ही तिची खासियत.

पण पिंप कोणतं? बर्बन या अमेरिकन व्हिस्कीचं पिंप साधारण २०० लिटरचं. पहिल्यांदा भरलं तर व्हॅनिला, नारळ, गोडवा भरभरून देतं. तिसऱ्या-चौथ्यांदा भरलं की थकतं. थकलेल्या पिंपात कच्ची धुरकट दारू आठ वर्षं ठेवलीत तरी तिला फारसं काही शिकायला मिळत नाही. मग शेवटी सहा महिने तिला रेड वाइनच्या पिंपात फिरवून आणतात आणि खोक्यावर निबंध येतो. तुमच्या काळ्या खोक्यात असंच झालं असं मी म्हणत नाही. असंही होऊ शकतं, एवढंच.

आता माझी स्वतःची कसोटी, फुकटची. ग्लास रात्री धुवू नका. तळाला शेवटचा थेंब राहू द्या आणि झोपा. सकाळी तोंड धुवायच्या आधी त्याचा वास घ्या. अल्कोहोल उडून गेलेलं असतं. जड फिनॉल आणि पिंपातून आलेलं राहिलेलं असतं. चांगल्या माल्टच्या ग्लासात सकाळी राख, मध, जुनं कपाट, कधीकधी तंबाखूच्या सुक्या पानांचा वास सापडतो. सुमार असेल तर नुसती ओली राख, आणि ती पण लवकर उडते. २२ वर्षं करतोय, अजून तरी ग्लासाने खोटं सांगितलेलं नाही.

चंचुपात्र

याला रसायनाचा आधार आहे. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, फिनॉल १८२ ला, ग्वायाकोल २०५ च्या आसपास. पहिला पाहुणा निघून गेल्यावर घरची माणसं काय बोलतात ते सकाळी ऐकू येतं. धागाकर्त्यांचं टोपणनावही तळाचा थेंबच, हे मात्र आत्ता लक्षात आलं.

मोजूनमापून

वयाचे पैसे का पडतात याचाही हिशोब टाकून ठेवतो, हौसेला_मोल_नाही यांच्यासाठी खास. पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के उडून जातं, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. २०० लिटर भरले तर १६ वर्षांनी १४५ च्या आसपास राहतात. पाव पिंपाहून जास्त हवेत गेलं. त्यात सोळा वर्षं गोदामाची जागा अडवली, पैसे अडकले. म्हणून वयाला किंमत असणं मला पटतं. ते खर्च झालेले पैसे आहेत.

पण ते द्यायचेच असं नाही. लागावुलिनच्या २०० व्या वर्षी, २०१६ मध्ये, ८ वर्षांची निघाली, ४८ टक्क्यांची. प्रसिद्ध १६ ची ४३ ची. ८ वाली फिक्की, धारदार, धूर नाकात शिरणारा. १६ वाली गोल, शांत. धूर हवा असेल तर ८ ची घ्या, पैसेही वाचतील. शांतता हवी असेल तर १६ चे पैसे द्या. दोघींना एकाच तराजूत घालून 'कोणती भारी' विचारलं की गोंधळ सुरू.

स्वतंत्र बाटलीवाले हा तिसरा रस्ता. कॅडनहेड, सिग्नेटरी असे व्यापारी डिस्टिलरीकडची पिंपं घेऊन आपल्या नावाने भरतात. कुल-ईला त्यांच्याकडे पुष्कळ वेळा दिसते. बहुतेकदा न गाळलेली, रंग न घातलेली, एकाच पिंपाची, आणि डिस्टिलेशनची तारीख, पिंपाचा नंबर सगळं लेबलवर. निबंध नसतो.

हौसेला_मोल_नाही

बरं, १४५ लिटरवाला हिशोब आवडला. एवढं कबूल करतो. पण शेवटच्या वाक्यातला टोमणा नोंदवून घेतलाय.

तळाचा_थेंब

निकाल घेऊन आलोय. उशीर झाला, कारण मध्ये सर्दी झाली आणि सर्दीत परीक्षा देणं म्हणजे डोळे बांधून धनुर्विद्या.

बायकोने आणि मेहुण्याने मिळून ओतलं. काळ्या खोक्यातल्या व्हिस्कीत सुई काढलेल्या सिरिंजने मोजून पाणी घातलं, टक्के बहिणीइतके केले. पाणी पडताना ग्लासात तेलासारख्या वेलांट्या फिरताना दिसल्या, दोन मिनिटं नुसतं तेच बघत बसलो. नवी भर म्हणजे दोन्ही बाटल्यांतली व्हिस्की आदल्या दिवशी छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवली होती, म्हणजे यापुढे तरी दोघींना हवा सारखीच लागावी. ज्या तीन महिन्यांची लागून गेली ती परत काढता येत नाही, ते सोडून द्या.

सहा फेऱ्या. बरोबर आल्या तीन.

शंकासुर, तुम्ही सांगायच्या आधी मीच हिशोब केला. सहापैकी तीन किंवा जास्त निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता ३२ टक्के. म्हणजे मला फरक कळतो असं छातीठोक म्हणता येत नाही, कळत नाही असंही नाही. पहिल्या दिवशी दोन्ही फेऱ्या बरोबर आल्या तेव्हा मी मेहुण्यापुढे जरा जास्तच बोललो होतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही चुकल्या. तिसऱ्या दिवशी एक.

गंमत पुढे आहे. चुकलेल्या एका फेरीत मी दोन सारख्या ग्लासांपैकी एकाला "हा सगळ्यात महागातला, शेवट बघा केवढा लांब" म्हणालो. तो साध्या बहिणीचा होता. शेजारचा ग्लासही तिचाच. त्याला "ठीक" म्हणालो होतो.

जुनं_लाकूड यांची कसोटीही केली. पुन्हा टोपणनावं, पुन्हा चिकटपट्ट्या, ग्लास स्वयंपाकघराच्या ओट्यावर रात्रभर. सकाळी सहाला उठून वास घेतला. एका ग्लासात राख, मधासारखं काहीतरी, आणि पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास. दुसऱ्यात राख होती. पुठ्ठाही थोडा. मध शोधत राहिलो. बायकोलाही दिला, तिने दोन्ही हुंगून बरोबर तोच ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाली, "यात काहीतरी आहे. त्यात नुसती विझलेली चूल." ती पीत नाही. तिला खोकं, निबंध, पीपीएम यातलं काही माहीत नाही.

सरकवलेला ग्लास साध्या बहिणीचा.

शंकासुर

दोन ग्लास, एक सकाळ. पुन्हा करा.

जुनं_लाकूड

करू दे त्याला. पण शंकासुर, एकदा तुम्हीही ओट्यावर ठेवून बघा.

मोजूनमापून

म्हणजे अडीचपटीतलं दीडपट कशाचं होतं ते कळलं.

हौसेला_मोल_नाही

पहिल्या रात्रीचं होतं. त्या रात्रीचे पैसे मी तरी दिले असते. दुसऱ्या बाटलीचे नसते दिले, हे मात्र खरं.

चंचुपात्र

हे वाक्य मला हवं होतं. धुरकट माल्ट विकत घेताना मी एवढंच विचारते: ही संपल्यावर हीच परत आणीन का? पहिल्या बाटलीत कुतूहल असतं, नावीन्य असतं, भेट असते. दुसरी बाटली माणूस फक्त द्रवासाठी आणतो. माझ्या कपाटात आजवर तीनच दुसऱ्यांदा आल्या आहेत. टॅलिस्कर १० (४५.८ टक्के, स्काय बेटाची, काळ्या मिरीसारखी झणझणीत), कुल-ईला १२ आणि एक स्वतंत्र व्यापाऱ्याची लेडेग. महागड्यांपैकी एकही नाही. महाग असल्याने परवडल्या नाहीत असं म्हणायलाही जागा आहे, ते म्हणून घ्या.

पहिलाच_घोट

सगळं वाचून काल पुन्हा लाफ्रॉइग घेतली. दहा मिलि, पाण्याचे सहा थेंब, अर्धा तास नुसता वास. दवाखाना आहेच. पण वीसेक मिनिटांनी दवाखान्याला खिडकी असल्याचं कळलं, आणि खिडकीबाहेर काहीतरी गोड होतं. व्हॅनिला म्हणावं का? अजून "वा" म्हटलेलं नाही. ग्लास ओट्यावर ठेवलाय, धुतला नाही. आई ओरडणार.

खिडकीपाशी

सकाळी कळवा.

@तळाचा_थेंब, काळ्या खोक्यातली किती उरलीय?

तळाचा_थेंब

निम्मी. ती मेहुण्याला दिली, त्याला आवडते. बाटली नुसतीच दिली.

खोकं ठेवून घेतलं. त्यात स्क्रूड्रायव्हरचा सेट बरोब्बर बसतो, आणि झाकण टक् करून लागतं.